अकरावी कोण?

टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री मेसेज पडतो, ‘उद्या सकाळी सहाला ग्राउंडवर. कोण कोण येतंय?’ पाच अंगठे येतात. मग सुरू होतं, ‘प्रॅक्टिकल आहे गं’, ‘घरी पाहुणे आलेत’, ‘पाय अजून दुखतोय’. दोघी मेसेज बघून गप्प. कॅप्टन बोटांवर मोजते. पाच, सहा, फार तर आठ. आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आठवड्यावर आलेली.

तुमच्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीममध्ये कुणी मैत्रीण असेल, तर तिला विचारून बघा. हा हिशेब तिला तोंडपाठ असेल. मुलांच्या निवड चाचणीत ‘कुणाला वगळायचं?’ हा प्रश्न असतो. मुलींच्या टीममध्ये बऱ्याचदा प्रश्न असतो तो ‘आणखी कुणाला आणायचं?’ हा. आणि आपल्या कॉलेजात मुलींची फुटबॉल टीम आहे हेच तुम्हाला माहीत नसेल, तर हा लेख खास तुमच्यासाठी आहे.

फुटबॉल हा मोजून अकरा जणींचा खेळ. नियमानुसार एका बाजूला किमान सात खेळाडू असल्याशिवाय सामना सुरूच करता येत नाही. सात-आठ जणींवर मैदानात उतरता येतं, पण समोर अकरा जणी असताना आठ जणींनी एवढं मोठं मैदान सांभाळायचं म्हणजे काय हाल होतात, हे सांगायला कोच लागत नाही. सातही जमल्या नाहीत, तर समोरच्या टीमला पुढे चाल. वर्षभराची प्रॅक्टिस, पहाटेचे अलार्म, घरच्यांशी घातलेले वाद, सगळं त्या ‘वॉकओव्हर’ या एका शब्दात संपतं.

पाच पायऱ्यांची शिडी

आता तुम्ही म्हणाल, एक कॉलेज स्पर्धा हुकली तर एवढं काय बिघडलं? बिघडतं. कारण ही स्पर्धा म्हणजे एका लांब शिडीची पहिली पायरी आहे.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कॉलेजं पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांत पसरलेली. खेळांसाठी त्यांचे चार विभाग केलेत : पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक. आधी कॉलेजं आपापल्या विभागात एकमेकांशी खेळतात. मग होते आंतरविभागीय स्पर्धा, आणि तिथल्या खेळावरून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. हा संघ भारतीय विद्यापीठ संघाच्या, म्हणजे एआययूच्या, पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. देशात असे चार विभाग आहेत. प्रत्येक विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात. तिथले वरचे आठ संघ खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत, जी २०२० मध्ये भुवनेश्वरला पहिल्यांदा झाली. अभिमत आणि खासगी विद्यापीठांतल्या मुलींचा रस्ता थोडा वेगळा. त्यांचं विद्यापीठ आपला संघ थेट पश्चिम विभागात पाठवतं.

म्हणजे पावसाने चिखल झालेल्या आपल्या ग्राउंडपासून खेलो इंडियापर्यंत मोजून पाच पायऱ्या. वय मात्र थांबत नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेत १७ ते २५ याच वयात खेळता येतं. पदवीची तीन-चार वर्षं धरा, त्यातलं पहिलं वर्ष कॉलेज समजून घेण्यात जातं, शेवटचं प्लेसमेंट आणि प्रवेश परीक्षांच्या टेन्शनमध्ये. हातात उरतात दोन सीझन.

आणि खरी गोची इथे आहे. समजा, तुमच्या कॉलेजात एक जबरदस्त स्ट्रायकर आहे. दोन्ही पायांनी मारते, डोकं शांत, वेग भन्नाट. पण टीमच उतरली नाही, तर तिला निवड समिती बघणार कुठे? बॅडमिंटनमध्ये एकटी मुलगी रॅकेट घेऊन जाऊ शकते. धावणारी मुलगी स्पाइक्स बांधून एकटी ट्रॅकवर उभी राहू शकते. फुटबॉलवालीला बाकीच्या दहा जणी लागतातच. कॉलेजातल्या सगळ्यात भारी खेळाडूचं पुढचं वर्ष हे टीममधल्या सगळ्यात नवख्या मुलीच्या ‘हो, येते मी’वर अवलंबून असतं.

क्लब आले, गेले, कॉलेज राहिलं

‘मग क्लबकडून खेळ ना!’ असा सल्ला लगेच मिळतो. पुण्याचा या बाबतीतला अनुभव जरा कडू आहे.

गेल्या वीसेक वर्षांत या शहराने किती व्यावसायिक क्लब पाहिले, आठवा. आय-लीगमध्ये पुणे एफसी होता. भारत एफसी एक सीझन चमकून गेला. डीएसके शिवाजीयन्स आला आणि २०१७ नंतर दिसेनासा झाला. इंडियन सुपर लीगबरोबर २०१४ मध्ये एफसी पुणे सिटी आली. बालेवाडीत नारंगी जर्सी घालून गेलेले तुमचे दादा-ताई अजून ते किस्से सांगतात. २०१९ मध्ये तोही संघ बंद पडला.

त्यातली मुलींच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात नाही. २०१७ च्या सुरुवातीला दिल्लीत पहिलीवहिली इंडियन विमेन्स लीग झाली. सहा संघ होते. त्यात इंडियन सुपर लीगमधल्या फक्त एका क्लबने मुलींची टीम उतरवली होती, आणि तो क्लब आपला, पुण्याचा होता. स्पर्धा मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने जिंकली. पण पुण्याचं नाव त्या पहिल्या सहांत होतं, हे कुणी पुसू शकत नाही. पुढे क्लबच गेला आणि त्याच्याबरोबर ती पायरीही गेली.

शहरात पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेची महिलांची लीग आहे, काही स्थानिक क्लब आणि अकादमी आहेत, मनापासून काम करणारे कोच आहेत. पण अकादमीची फी, रोजचा पीएमपीचा प्रवास, संध्याकाळी उशिरा घरी परतणं, हे सगळ्यांच्या घरात जमत नाही. कॉलेजचं तसं नाही. मैदान तिथेच, जिमखाना तिथेच, आयकार्ड गळ्यात. मालकाने पैसे काढून घेतले म्हणून कॉलेज बंद पडत नाही. म्हणूनच बहुतेक मुलींसाठी सगळ्यात जवळची टीम आजही कॉलेजचीच.

बालेवाडीत लिहिला गेलेला इतिहास

एक गोष्ट सांगतो, तुमच्याच शहरात घडलेली. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत महिलांचा आशिया चषक महाराष्ट्रात झाला. सामने नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात, आपल्या बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात.

३० जानेवारीला बालेवाडीत फिलिपिन्स आणि चायनीज तैपेई यांची उपांत्यपूर्व फेरी होती. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टी शूटआउटवर गेला. शेवटची निर्णायक पेनल्टी सरिना बोल्डनने मारली आणि फिलिपिन्स पहिल्यांदा विश्वचषकासाठी पात्र ठरलं. एका देशाच्या फुटबॉलचं नशीब बालेवाडीत बदललं, आणि कोविडच्या निर्बंधांमुळे ते पाहायला स्टँडमध्ये पुणेकर नव्हते. पुढच्या वर्षी विश्वचषकात याच बोल्डनच्या गोलवर फिलिपिन्सने यजमान न्यूझीलंडला १-० असं हरवलं.

ही बोल्डन घडली कुठे? कॉलेज फुटबॉलमध्ये. कॅलिफोर्नियातल्या लॉयोला मेरीमाउंट विद्यापीठाच्या टीममध्ये ती खेळायची. अमेरिकेत १९७२ मध्ये ‘टायटल नाइन’ नावाचा कायदा आला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही, असं तो सांगतो. त्यात खेळही आले. मग कॉलेजांना मुलींच्या टीम उभ्या कराव्याच लागल्या. मिया हॅमसारखी खेळाडू नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या टीममधून आली. अमेरिकेने महिलांचा विश्वचषक १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ असा चार वेळा जिंकला, त्यामागे या कॉलेज टीम्सचा मोठा वाटा आहे.

आता त्याच आशिया चषकातली आपली गोष्ट. यजमान भारताने २० जानेवारीला इराणशी ०-० अशी बरोबरी केली. मग संघात कोरोना शिरला. २३ तारखेला चायनीज तैपेईविरुद्धच्या सामन्यासाठी नियमाने लागणाऱ्या किमान तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. सामना रद्द झाला आणि घरच्या स्पर्धेतून भारत बाहेर पडला. जिंकण्या-हरण्याची वेळच आली नाही, आकडाच भरला नाही! कॉलेजच्या कॅप्टनला रात्री पडणारा प्रश्न तेव्हा देशाच्या संघालाही पडला होता.

पण त्या मुली तिथे थांबल्या नाहीत. ५ जुलै २०२५ ला थायलंडमध्ये, चियांग माईला, भारताने यजमानांना २-१ असं हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून आशिया चषकात जाण्याची ही भारतीय महिलांची पहिलीच वेळ.

‘मुली फुटबॉल खेळतात?’

हा प्रश्न आजही कानावर येतो, कधी कट्ट्यावर, कधी घरातल्या जेवणाच्या ताटावर. ‘उन्हात काळी पडशील’, ‘गुडघा गेला तर?’, ‘शॉर्ट्स घालूनच खेळायला लागतं का?’ हे ऐकलं नाही अशी खेळाडू शोधावी लागेल.

पुढच्या वेळी कुणी असं विचारलं, तर त्यांना थोडा इतिहास सांगा. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या कारखान्यातल्या मुलींच्या टीमचा सामना बघायला सुमारे ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ‘हा खेळ बायकांना योग्य नाही’ असं म्हणत आपल्या संलग्न मैदानांवर महिलांचे सामने बंद केले. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. प्रेक्षक भरपूर होते, म्हणजे मुली खेळत नव्हत्या किंवा कुणी बघत नव्हतं, हे कारण खोटंच होतं.

आपल्याकडे महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७५ मध्ये झाली. १९८० मध्ये कोझिकोडला आणि १९८३ मध्ये बँकॉकला भारतीय महिला आशियात उपविजेत्या ठरल्या. ही पिढी आज तुमच्या आजीच्या वयाची आहे! महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेला २०२३ पासून राजमाता जिजाबाई करंडक असं नाव आहे. मणिपूरने ती वीसहून जास्त वेळा जिंकली आहे. लाल महालाच्या शहरातल्या मुलींनी त्या करंडकाकडे डोळे लावायला काय हरकत आहे?

आणि खेळणं म्हणजे फक्त गोल मारणं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज तालुक्यातून आलेल्या अंजू तुरंबेकर यांनी महाराष्ट्राकडून खेळून पुढे कोचिंगचा रस्ता धरला, एएफसीचं ‘ए’ लायसन्स मिळवलं आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघात ग्रासरूट विभागाची धुरा सांभाळली. रेफरी, फिजिओ, कोच, मॅनेजर, अ‍ॅनालिस्ट, हे सगळे रस्ते मैदानातूनच फुटतात. ठरावीक स्पर्धांमध्ये प्राविण्य मिळवलं, तर राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षणही आहे. घरच्यांना हा मुद्दा जरा लवकर पटतो, अनुभवी मुली सांगतील.

ती अकरावी तुम्ही असाल तर?

‘पण मला कुठे येतं फुटबॉल?’ असं म्हणत असाल, तर थांबा. शाळेत खो-खो खेळलायत? मग खाली वाकून एका पावलात दिशा बदलायची सवय तुमच्या पायांना आहे. बचावफळीत नेमकं तेच लागतं. खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्यातल्याच डेक्कन जिमखान्याने बांधले. या गावात चपळ पायांचा तुटवडा कसा असेल? हँडबॉल किंवा बास्केटबॉल खेळत असाल, तर गोलकीपर म्हणून कोच तुम्हाला हसत घेतील. ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच गोल राखायला हात खात्रीचे लागतात. चारशे मीटर पळत असाल, तर विंगवर उभ्या राहा. कबड्डीवालीला धक्क्याची भीती शिकवावी लागत नाही.

पहिल्या आठवड्यात बॉल पायाला चिकटणार नाही. ऑफसाइड डोक्यावरून जाईल. पाचव्या मिनिटाला धाप लागेल. चालतंय. नवख्या खेळाडूकडून टीमला पहिल्या दिवशी गोल नको असतो, तिने आपली जागा धरून ठेवली, समोरच्या मुलीला मोकळं सोडलं नाही, तरी बाकीच्या दहा जणींचा जीव भांड्यात पडतो.

खेळायचं नसेल, तरी काम आहे. पाण्याच्या बाटल्या, बर्फ, फर्स्ट एड, मोबाइलवर सामन्याचं शूटिंग, नोट्सची झेरॉक्स. सकाळी सहाला ग्राउंडवर असलेल्या मुलीला आठच्या लेक्चरच्या नोट्स कुणीतरी दिल्या, तर तिची प्रॅक्टिस आणि सबमिशन दोन्ही टिकतं. आणि दादा लोकहो, तुमची प्रॅक्टिस चालू असताना अर्धं ग्राउंड मोकळं सोडणं हीसुद्धा मदतच आहे.

मुख्य म्हणजे, सामना बघायला जा. तिकीट नाही, रांग नाही. मुलांच्या सामन्याला ढोल-ताशा घेऊन जाणारं कॉलेज मुलींच्या सामन्याला बऱ्याचदा स्पोर्ट्सच्या सरांना एकटं पाठवतं. दुसऱ्या हाफमध्ये, पाय जड झालेले असताना, टचलाइनवरून आपलं नाव घेऊन कुणी ओरडलं की काय होतं, हे खेळलेल्या कुणालाही विचारा. दोन पावलं जास्त टाकली जातात. कधीकधी बॉल त्या दोन पावलांवरच असतो.

सामन्याचा आठवडा : हे लक्षात ठेवा

• वॉर्म-अप टाळू नका. मुलींमध्ये गुडघ्याच्या एसीएल या लिगामेंटला इजा होण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं. ‘फिफा ११+’ हा १५ व्यायामांचा, साधारण २० मिनिटांचा वॉर्म-अप त्यासाठीच तयार केलाय. त्याला बॉल, कोन आणि थोडी शिस्त एवढंच लागतं. फायदा हवा असेल, तर तो सीझनभर आठवड्यातून किमान दोनदा करायला हवा.

• नवे स्टड्स सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आधी दोन-तीन प्रॅक्टिसला वापरा, नाहीतर टाच सोलून निघेल. शिनगार्ड सक्तीचे आहेत.

• कानातले, चमकी, अंगठी, बांगडी घरी ठेवा. नियमात दागिने चालत नाहीत, वरून टेप लावलेलेही नाहीत. रेफरी बाहेर काढतात आणि तेवढा वेळ टीम दहा जणींची होते.

• पाळीबद्दल कोचशी किंवा निदान कॅप्टनशी बोला. लाजण्यासारखं काही नाही. इंग्लंडच्या महिला संघाने २०२३ मध्ये याच कारणासाठी पांढऱ्या शॉर्ट्स बदलून निळ्या घेतल्या. कॉलेजची किट ऑर्डर करताना शॉर्ट्स गडद रंगाच्याच मागा, आणि किटबॅगेत पॅड्सचं पाकीट कायम ठेवा.

• पेनल्टीच्या पाच जणी आधीच ठरवा. बाद पद्धतीच्या सामन्यात शूटआउट कधीही येऊ शकतं. प्रॅक्टिसच्या शेवटी, दमलेल्या पायांनी, ११ मीटरवरून रोज पाच-पाच पेनल्टी मारा. कोपरा आधी ठरवा आणि मग बदलू नका.

• आयकार्ड आणि पात्रतेचे कागद आदल्या रात्री बॅगेत टाका. एका झेरॉक्सपायी बाहेर बसावं लागलं, तर त्याच्यासारखं दुःख नाही.

स्पर्धेत एकच टीम जिंकते. बाकीच्या कॉलेजांचा सीझन दोन-तीन सामन्यांत, कधी एकाच सामन्यात आटोपतो. मग गुडलकचा बन मस्का, चहा आणि ‘पुढच्या वर्षी बघू’. पण पुढच्या वर्षी टीम असेल की नाही, हे त्या चहाच्या टेबलावर ठरत नाही. ते ठरतं जूनमध्ये, नवीन अ‍ॅडमिशन होताना, जिमखान्याच्या नोटीस बोर्डसमोर एखादी फर्स्ट इयरची मुलगी घुटमळत उभी असते तेव्हा. तिला कुणीतरी विचारायला हवं, ‘येतेस का गं उद्या सकाळी?’

विचाराल ना?